जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट नवी करताना आधी जुनी उत्तरं जपून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे, महापे आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतल्या वीजमीटरचं वाचन गोळा करणारा सी भाषेतला प्रोग्रॅम आहे. आरएस-४८५ या सीरियल जोडणीच्या तारेवरून मॉडबस या संवादपद्धतीने मीटरला विचारायचं आणि आलेलं उत्तर एक्सएमएलमध्ये साठवायचं, एवढंच त्याचं काम. बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची, मांडणी ऑटोकॉन्फ २.५९ च्या काळातली, म्हणजे २००३ नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. ऑटोकॉन्फने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डआधी मशीनवर कोणत्या सोयी आहेत ते तपासणारी स्क्रिप्ट, गिटमध्येच ठेवलेली, त्यामुळे ती पुन्हा तयार करायची वेळ कधी आली नाही. सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत जून २०२४ मध्ये संपली, ठाण्याच्या ऑफिसात डेबियन १३ आलं, कारखान्यांसाठी एआरएम प्रोसेसरचे बोर्ड आले. आता बोर्डावर स्क्रिप्ट ‘कॅनॉट गेस बिल्ड टाइप’ म्हणून थांबते, आणि ऑफिसातल्या मशीनवर स्क्रिप्ट नव्याने तयार करणारं ऑटोरीकॉन्फ चालवलं की वॉर्निंगचा पाऊस पडतो. हे दुरुस्त करावं की सरळ सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनावर जावं, असं विचारलं आहे.

आधी दुरुस्त करा. सीमेक किंवा मेसन वाईट आहेत म्हणून नाही. तुमच्या कॉन्फिगरमध्ये गेल्या वीस वर्षांत कोणी काय काय तपासून ठेवलं आहे आणि त्यातलं कोड खरंच किती वापरतो, हे आज कोणालाच नक्की माहीत नाही. ते न समजता दुसऱ्या साधनात उतरवलं तर चुकाही जशाच्या तशा उतरतील, शिवाय नव्या चार पडतील. स्क्रिप्ट एकदा स्वच्छ झाली की सीमेकवर जायचं का हा प्रश्न तासाभराच्या चर्चेत सुटतो.

या कामात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायची: कॉन्फिगर अडलं तर ते बरंच. खरा धोका आहे तो ते न अडता चुकीचं उत्तर लिहून पुढे जातं तेव्हा. एखादी चाचणी कंपाइल झाली नाही की कॉन्फिगर ‘नो’ लिहितं. ती सोय मशीनवर नाही म्हणून ‘नो’, की चाचणीचा स्वतःचाच कोड मोडका म्हणून ‘नो’, यात ते फरक करत नाही.

म्हणून पहिलं काम फाइली बदलण्याचं नाही, जुनी उत्तरं जपण्याचं. जुनं सेंटओएस ७ चं मशीन चालू असेल तर त्यावर, नसेल तर कंटेनरमध्ये, जुनी स्क्रिप्ट जशी आहे तशी चालवा. कंटेनरमध्ये पॅकेजचा पत्ता व्हॉल्टकडे, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या पॅकेजच्या साठ्याकडे, वळवावा लागेल, कारण नेहमीचे मिरर बंद झाले आहेत. तिथली कॉन्फिग.एच (चाचण्यांची उत्तरं) आणि कॉन्फिग.लॉग (चाचण्यांची सविस्तर नोंद) बाजूला ठेवा. ‘मेक इन्स्टॉल’ला डेस्टडिर देऊन एका रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा आणि तिथल्या फाइलींची यादी काढा. या तीन गोष्टी म्हणजे तुमचा पाया.

पुढची तुलना तीन टप्प्यांत करायची. नवी स्क्रिप्ट तयार झाली की ‘मेक डिस्ट’ने टारबॉल, म्हणजे वाटपासाठीचं एकत्र गाठोडं, बनवा आणि आधी तो जुन्या मशीनवर चालवा. टारबॉलला ऑटोकॉन्फ लागत नाही, शेल, मेक आणि कंपाइलर पुरतात. इथे कॉन्फिग.एचमध्ये जो फरक दिसेल तो फक्त स्क्रिप्टमुळे. मग तोच टारबॉल डेबियन १३ वर. इथला नवा फरक कंपाइलर आणि लायब्ररींमुळे. शेवटी एआरएम बोर्डावर. इथला फरक प्रोसेसरमुळे. तिन्ही एकदम बदललं तर एका ओळीच्या फरकाचं कारण शोधताना दिवस जातो.

साफसफाई

नवी गिट शाखा काढा. कॉन्फिगर.इनचं नाव ‘गिट एमव्ही’ने कॉन्फिगर.एसी करा. मग तयार होणाऱ्या फाइली काढून टाका: कॉन्फिगर, सगळ्या मेकफाइल.इन, कॉन्फिग.गेस, कॉन्फिग.सब, एलटीमेन.एसएच, डेपकॉम्प, मिसिंग, इन्स्टॉल-एसएच. बोर्डावरचा अडथळा कॉन्फिग.गेसचाच आहे. ती फाइल लिहिली गेली तेव्हा एआर्च६४, म्हणजे ६४ बिटचं एआरएम, नव्हतंच, तिला ते ओळखता येणार कसं?

एसीलोकल.एम४ मात्र डोळे झाकून काढू नका. ती आपोआप तयार होणारी फाइल असली तरी जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी आपला मॅक्रो, म्हणजे नाव दिलेला तयार तुकडा, हाताने तिच्यातच चिकटवलेला असतो. उघडा, शोधा, असे मॅक्रो एम४ नावाच्या फोल्डरमध्ये एकेका फाइलीत हलवा आणि मगच ती काढा.

आता ऑटोअपडेट चालवा. तो जुनी नावं नव्यात बदलतो: एसी_ट्राय_कंपाइलचं एसी_कंपाइल_इफएल्स, एसी_हेल्प_स्ट्रिंगचं एएस_हेल्प_स्ट्रिंग, एसी_प्रोग_लिबटूलचं एलटी_इनिट. तो शब्द बदलतो, अर्थ तपासत नाही. काही ठिकाणी तो ‘स्क्रिप्टचं वागणं बदलू नये म्हणून पुढच्या ओळी घातल्या, बहुधा काढता येतील’ अशा टिपेसह जादा ओळी घालतो. त्या वाचून बहुतेक काढता येतात. किमान कोणती ऑटोकॉन्फ हवी ते सांगणाऱ्या एसी_प्रीरेकमध्ये नव्या आवृत्तीचा आकडा आला असेल तर तोही पाहा. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ऑटोकॉन्फ २.६९ असेल तर उगाच २.७२ ची अट नको. ऑटोअपडेटचा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. हाताने केलेले बदल त्यात मिसळले तर नंतर कोणालाच काही कळत नाही.

वरच्या दहा ओळी हाताने लिहा

कॉन्फिगर.एसीचा माथा दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने लिहिलेला बरा. क्रम असा: एसी_इनिटमध्ये नाव, आवृत्ती आणि तक्रारीचा पत्ता. मग एसी_कॉन्फिग_एसआरसीडिरमध्ये एक मूळ फाइल. पूर्वी ही फाइल थेट एसी_इनिटला द्यायचे. मग एसी_कॉन्फिग_ऑक्स_डिर, म्हणजे कॉन्फिग.गेससारख्या मदतनीस फाइली बिल्ड-ऑक्समध्ये जातात आणि मूळ फोल्डर मोकळा राहतो. मग एसी_कॉन्फिग_मॅक्रो_डिर्समध्ये एम४. मग एसी_कॉन्फिग_हेडर्स. तुमच्याकडे याच्या जागी एएम_कॉन्फिग_हेडर असणार. तो ऑटोमेक (मेकफाइल.एएमपासून मेकफाइल.इन बनवणारं साधन) १.१३ मध्येच काढून टाकला गेला. मग एएम_इनिट_ऑटोमेक, त्यात १.१३, फॉरेन आणि सबडिर-ऑब्जेक्ट्स हे पर्याय. फॉरेन नसेल तर ऑटोमेक न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग या फाइली मागत बसतो. त्यानंतर एसी_यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स, एसी_प्रोग_सीसी, एएम_प्रोग_एआर आणि एलटी_इनिट. एएम_प्रोग_एआर हे एलटी_इनिटच्या आधीच यायला हवं.

आवृत्तीचा आकडा एसी_इनिटमध्ये सरळ लिहा. जुन्या पद्धतीत तो शेलच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून एएम_इनिट_ऑटोमेकला द्यायचे. आता तो एम४ च्या वेळी, म्हणजे मॅक्रो उलगडून स्क्रिप्ट तयार होताना, लागतो आणि शेल तर त्यानंतर कितीतरी उशिरा येतं.

एसी_प्रोग_सीसी_सी९९ किंवा एएम_प्रोग_सीसी_एसटीडीसी दिसलं तर काढा, ऑटोकॉन्फ २.७० पासून एसी_प्रोग_सीसी स्वतःच ते बघतो. एसी_आउटपुटमध्ये फाइलींची यादी असेल तर ती एसी_कॉन्फिग_फाइल्समध्ये न्या आणि एसी_आउटपुट रिकामा ठेवा.

चौकोनी कंसांकडे नीट बघा. एम४ साठी चौकोनी कंस म्हणजे अवतरणचिन्ह, आणि तो बाहेरची एक जोडी खाऊन टाकतो. चाचणीच्या सी कोडमध्ये बफ[१०] लिहिलं आणि भोवती कंसांची एकच जोडी असेल तर कंपाइलरपर्यंत बफ१० पोचतं. चाचणी नापास, उत्तर ‘नो’, तक्रार काहीच नाही. सी कोडभोवती नेहमी दुहेरी चौकोनी कंस हवेत.

चाचण्या: खरं काम इथे आहे

डेबियन १३ मध्ये जीसीसी १४ हा सी कंपाइलर आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून, आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर वॉर्निंग नाही, थेट एरर मिळते. फंक्शनचा परतीचा टाइप न लिहिणं हीसुद्धा एररच. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरने हे १६ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्येच केलं होतं. कोडसाठी हे चांगलंच झालं. पण जुन्या कॉन्फिगरमधल्या हाताने लिहिलेल्या चाचण्या बहुतेक याच ढिलाईवर उभ्या असतात: ‘मेन’च्या आधी इंट नाही, ‘एक्झिट’ वापरलेलं पण एसटीडीलिब.एच घेतलेली नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे कुठे चावेल ते पाहा. आरएस-२३२ वरून आरएस-४८५ करणारे जुने कन्व्हर्टर आरटीएस या पोर्टच्या नियंत्रण लाइनवर चालतात. पाठवताना लाइन वर, ऐकताना खाली. ते करायला आयओसीटीएल हे फंक्शन लागतं, आणि ते आहे का याची चाचणी अशा कॉन्फिगरमध्ये साधारण अशी सापडते: वर एएसएम/टर्मिऑस.एच घेतली आहे आणि खाली टीआयओसीएमगेट देऊन आयओसीटीएल बोलावलं आहे. सिस/आयओसीटीएल.एच घेतलेली नाही. सेंटओएस ७ मधल्या जीसीसी ४.८ ला हे चाललं. फार तर वॉर्निंग आली आणि उत्तर ‘येस’. जीसीसी १४ वर एरर, म्हणून ‘नो’. आरटीएसचा मॅक्रो कॉन्फिग.एचमध्ये येत नाही, कोडमधला तो भाग गळतो, बाकीचं सगळं नीट कंपाइल होतं. प्रोग्रॅम सुरू होतो, मीटरला विचारतो आणि दर वेळी टाइमआउट देतो. मग कोणी तारा बदलतं, कोणी टर्मिनेशनचा १२० ओहमचा रेझिस्टर तपासतं, कोणी मीटरचा पत्ता. दोष मात्र कॉन्फिगरच्या एका ‘नो’मध्ये असतो.

त्यात आणखी एक फसवणूक होते. ऑफिसातल्या टेबलावर तुम्ही बहुधा नवा यूएसबी कन्व्हर्टर लावाल. त्यातले बरेच दिशा आपोआप बदलतात, त्यांना आरटीएस लागतच नाही. म्हणजे ठाण्यात सगळं चालेल आणि रबाळ्याच्या पॅनेलमध्ये बंद पडेल.

म्हणून हाताने लिहिलेली प्रत्येक चाचणी उघडा. एसी_लँग_प्रोग्रॅम वापरा म्हणजे ‘मेन’ नीट लिहिला जातो, आणि लागणारी प्रत्येक हेडर फाइल पहिल्या भागात घ्या. फक्त नाव माहीत आहे का एवढंच बघायचं असेल तर एसी_चेक_डेक्ल्स पुरतं. एसी_चेक_फंक्स स्वतःच फंक्शन जाहीर करतं, त्यामुळे ते या बदलातून सुखरूप वाचतं.

शोधायची सोपी रीत अशी. डेबियनवर कॉन्फिगर चालवल्यावर कॉन्फिग.लॉगमध्ये ‘इम्प्लिसिट’ हा शब्द शोधा. जिथे सापडेल त्याच्या वरची चाचणी मोडकी. उलट बाजूनेही तपासता येतं. जुन्या मशीनवर जुनीच स्क्रिप्ट सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरचे पर्याय) ‘-डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन’ आणि ‘-डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-इंट’ देऊन चालवा आणि कॉन्फिग.एचची पायाशी तुलना करा. जी ओळ बदलली ती चाचणी ढिलाईवर उभी होती. नवं काही लिहिण्याआधीच यादी हातात येते.

नुसतं ‘-डब्ल्यूएरर’ मात्र कॉन्फिगरच्या वेळी कधीही देऊ नका, आणि कॉन्फिगर.एसीमध्ये सीफ्लॅग्जला तर मुळीच जोडू नका. चाचण्यांच्या छोट्या कोडमध्ये न वापरलेलं व्हेरिएबल असतंच. त्या वॉर्निंगची एरर झाली की धडाधड ‘नो’ येतात. हवंच असेल तर ते मेकफाइल.एएममधल्या एएम_सीफ्लॅग्जमध्ये ठेवा. सीफ्लॅग्ज हे वापरणाऱ्याचं आहे, प्रोजेक्टने त्यावर हक्क सांगू नये.

चालवून बघायच्या चाचण्या, म्हणजे पूर्वीच्या एसी_ट्राय_रन, शक्य तिथे काढून टाका. तुम्ही ऑफिसातल्या मशीनवर बोर्डासाठी क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड, करणार असाल तर त्या चालवताच येत नाहीत आणि कॉन्फिगर तिथेच थांबतं. टाइपचा आकार हवा असेल तर एसी_चेक_साइझऑफ आणि बाइटचा क्रम हवा असेल तर एसी_सी_बिगएंडियन, दोन्ही न चालवता उत्तर काढतात. चालवणं टाळताच येत नसेल तर एसी_रन_इफएल्सचा चौथा भाग भरा. क्रॉस-कंपाइल करताना कोणतं उत्तर धरायचं ते तिथे लिहायचं असतं.

लायब्ररी आणि मेकफाइल.एएम

एक्सएमएलच्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीसाठी तुमच्याकडे एएम_पाथ_एक्सएमएल२ असेल. तो एक्सएमएल२-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट चालवतो आणि क्रॉस-कंपाइलच्या वेळी ती ऑफिसातल्या मशीनचे रस्ते देते. त्याऐवजी पीकेजी_चेक_मॉड्यूल्स वापरा. नाव एक्सएमएल२ द्या आणि मॉड्यूल लिबएक्सएमएल-२.०. क्रॉस-कंपाइलमध्ये तो आधी बोर्डाच्या नावाचा पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररींचे रस्ते सांगणारं साधन) शोधतो. एक काळजी घ्या: स्क्रिप्ट तयार करणाऱ्या मशीनवर पीकेजी-कॉन्फिगच नसेल तर हा मॅक्रो न उलगडता तसाच शेलपर्यंत जातो आणि ‘सिंटॅक्स एरर’ अशी काहीच न सांगणारी तक्रार येते. कॉन्फिगर.एसीच्या वर एम४_पॅटर्न_फॉरबिडने त्या एका नावाला बंदी घाला, म्हणजे चूक ऑटोकॉन्फच्याच वेळी पकडली जाते.

मेकफाइल.एएममध्ये इन्क्लूड्सच्या जागी एएम_सीपीपीफ्लॅग्ज येईल. लायब्ररी एलडीफ्लॅग्जमध्ये लिहिल्या असतील तर प्रोग्रॅमसाठी एलडीअ‍ॅडमध्ये, लायब्ररीसाठी लिबअ‍ॅडमध्ये हलवा. एलडीफ्लॅग्जमधल्या गोष्टी कमांडमध्ये ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात. उबंटूचा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ११.१० पासून, त्या क्षणापर्यंत न लागलेली लायब्ररी सोडून देतो आणि मग ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ मिळतो. बोर्डावर उबंटू असेल तर नेमके इथेच अडाल. ‘मल्टिपल डेफिनिशन’ आलं तर तो बिल्डचा दोष नाही: हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल जाहीर करताना एक्स्टर्न राहिलं आहे. जीसीसी १० पासून हे चालत नाही.

आता ‘ऑटोरीकॉन्फ -एफव्हीआय -डब्ल्यूऑल’. वॉर्निंग एकेक करून शून्यावर आणा.

तुलना वाचताना

दोन्ही कॉन्फिग.एच सॉर्ट करून डिफ काढा आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा. कारण सापडत नाही तोवर पुढे जाऊ नका. काही फरक अपेक्षितच आहेत. एसी_हेडर_टाइम काढलं तर टाइम_विथ_सिस_टाइम जातं. पण कोडमध्ये त्याची अट शिल्लक असेल तर फक्त सिस/टाइम.एच घेतली जाते, टाइम.एच राहते आणि लोकलटाइम सापडत नाही. अट काढा, दोन्ही फाइली सरळ घ्या. कोडमध्ये रेटसिगटाइप असेल तिथे व्हॉइड लिहा.

काही बोर्ड ३२ बिटचे असतील तर याच वेळी आणखी एक काम उरकून घ्या. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर ३२ बिटचा टाइम_टी, म्हणजे वेळ साठवणारा टाइप, उलटतो. कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसलेला बोर्ड तोवर सहज टिकतो. ऑटोकॉन्फ २.७२ मध्ये यासाठी एसी_सिस_इयर२०३८ आहे आणि ग्लिबसी ही सी लायब्ररी २.३४ किंवा पुढची हवी. तो वापरला तर एसी_प्रीरेकमध्ये २.७२ लिहिणं आलंच. टाइम_टी ८ बाइटचा झाला की बायनरी नोंदींच्या फाइलींचा आराखडाही बदलतो. जुन्या फाइली वाचायची सोय आधी करा.

गिटमध्ये काय ठेवायचं

कॉन्फिगर.एसी, मेकफाइल.एएम, एम४ मधले आपले मॅक्रो, आणि ऑटोजेन.एसएच, ज्यात ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ ही एकच ओळ. तयार होणाऱ्या फाइली गिटइग्नोरमध्ये. गिट फाइलींच्या वेळा जपत नाही, म्हणून तयार कॉन्फिगर गिटमध्ये असेल तर क्लोन केल्यावर कधीकधी मेकला ती जुनी वाटते आणि तो नेमकी जुनी ऑटोमेक मागतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये जी चोरवाट सापडली, तिला वाट करून देणारी एम४ फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. हजारो ओळींची तयार स्क्रिप्ट कोणी वाचत नाही. मूळ फाइलींतून ती दर वेळी नव्याने तयार करणं हेच शहाणपणाचं.

प्रत्येक बदलानंतर वेगळ्या फोल्डरमधून बिल्ड करून पाहा, आणि शेवटी ‘मेक डिस्टचेक’ चालवा. सोर्सेसमध्ये लिहायची राहिलेली हेडर फाइल तो लगेच दाखवतो. डेस्टडिरमधल्या फाइलींची यादी सुरुवातीच्या यादीशी ताडून घ्या.

बोर्ड कारखान्यात पाठवण्याआधी टेबलावरची जोडणी खरी करा: एक मीटर, ९६०० बॉडचा वेग आणि पॅनेलमध्ये आहे तसाच आरटीएसवर चालणारा कन्व्हर्टर, आपोआप दिशा बदलणारा नव्हे. मॉडबसची ८ बाइटची विचारणा या वेगाला जेमतेम ९ मिलिसेकंदांत संपते, त्यामुळे मल्टिमीटरवर लाइन हललेली दिसणार नाही. ऑसिलोस्कोप असेल तर नऊ पिनांच्या कनेक्टरवर ७ आणि ५ या पिनांमध्ये लावा. नसेल तर पोर्ट उघडून आरटीएस दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली करणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा, मल्टिमीटर त्याच दोन पिनांवर धरा आणि व्होल्टेजचं चिन्ह उलटतं का ते पाहा. पण त्याने फक्त पोर्ट आणि तार ठीक असल्याचं कळतं. तुमचा प्रोग्रॅम ती लाइन हलवतो का, हे मीटरचं उत्तर आल्यावरच ठरेल.